चार बोटांचं आकाश

“आली! आली वं, अन्नपूर्णा परत आली!”

कापसाच्या गोदामाचं दार किलकिलं झालं आणि निंबाखाली बसलेल्या बायांची एकच झुंबड उडाली. वैशाखातली भर दुपार. हिंगणीच्या गल्ल्यांत कुत्रं दिसत नव्हतं. सगळं गाव या नाल्याकाठच्या गोदामापुढे लोटलं होतं. हंगामात इथे कापसाचे छताला टेकणारे ढीग लागत. आता रिकाम्या गोदामात पवनगिरी महाराज उतरले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचं विमान.

विमान म्हणजे सागवानाचा एक लांबरुंद पाट. त्याचं नाव पुष्पक. त्यावर उभं राहायचं, डोळे बांधून घ्यायचे, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, आणि महाराज नेतील त्या मुलखात जाऊन यायचं. बदल्यात मनात येईल ते द्यावं. बायांच्या मनात बहुधा तुपाचा गडू येई, कधी एखादं चांदीचं तोरडंही येई.

अन्नपूर्णा दारात उभी राहिली. तिच्या कपाळावर पाण्याचे थेंब होते. मीराबाई पुढे होऊन तिचा हात धरत किंचाळली, “अगं माय! हात पाहा वं हिचा! गारठून गेला!”

हिंगणीत, वैशाखात, गार हात! एकेक बाई पुढे येऊन त्या हाताला हात लावून पाहू लागली, जसा काही तो देवीचा मुखवटाच.

“कुठी गेलती वं?”

“बर्फाच्या देशात,” अन्नपूर्णा हळूच म्हणाली. “लय दूर. वारा असा सुटला होता का लुगडं उडून जाते का काय वाटे. ढग तर माह्या गालाले घासून गेले. मऊ मऊ, कोरडे.”

गर्दीच्या मागे तिची धाकटी जाऊ सुलोचना उभी होती. तिच्या कडेवर शेवंती, नुकतीच बसायला लागलेली, आईच्या गळ्यातली पोत तोंडात घालून चघळत होती. सुलोचनेनं पोत सोडवली नाही. तिचं लक्ष त्या ओल्या कपाळाकडे होतं, आणि छातीत बारीक मिरची ठेचल्यासारखी आग होत होती.

कारण बर्फाचा देश सुलोचनेचा होता.

तिचे वडील वर्ध्याच्या कचेरीत शिपाई. त्यामुळे ती वर्ध्याला सातवीपर्यंत शिकली होती, आणि साऱ्या विषयांत तिला एक भूगोल काय तो आवडे. भिंतीवरच्या नकाशापुढे ती इतका वेळ उभी राही की मास्तर म्हणत, “आता त्यातून आत जाशील पोरी.” लग्न होऊन हिंगणीला आली आणि नकाशा राहिला वर्ध्याला. मग जात्यावर बसली की ती अन्नपूर्णेला सांगायची, बाई, एक देश हाय, तिथं उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही. एका देशात हरणं गाडी ओढतात. अन्नपूर्णा खुदुखुदु हसायची. “तुया मास्तराले कामधंदा नव्हता काय वं? पीठ जाडं येऊन राह्यलं, तिकडं पाह्य.”

आणि आता तीच अन्नपूर्णा तिथे जाऊन आली होती! जिनं नकाशा पाहिला नाही, जिला उत्तर कुठे नि दक्षिण कुठे ते घराच्या दारावरून समजायचं, ती!

तेवढ्यात महाराज स्वतः दारात आले. भगवी कफनी, गुडघ्यापर्यंत दाढी, आणि आवाज असा की गोदामाचे पत्रे थरथरावेत.

“देखो मायबाई! काशी-रामेश्वर तर कोणीही जाते. रेल्वेनं जाते, धक्के खाते, खिसा कापून घेऊन वापस येते. हा पवनगिरी तुमाले तिथं नेते जिथं आजपावेतो कोणी गेलंच नाही! एक मुलुख हाय, तिथं रात्री बारा वाजता ऊन पडते. बाया रात्री उठून पापड वाळवते, पापड! दुसरा मुलुख हाय, तिथं बर्फाचं घर बांधून आत चूल पेटवते, घर काही वितळत नाही. परवा एका तळ्यावर गेलतो, तिथं माणूस बुडतच नाही! एक साहेब पाण्यावर आडवा पडून बिडी ओढून राह्यला होता. मले म्हणे, महाराज, माचिस देता काय?”

“अगं माय माय!” बायांनी तोंडाला पदर लावले.

सगळ्यात वाईट हे होतं की यातलं बरंचसं खरं होतं. बिडी सोडली तर असं तळं पृथ्वीवर आहे हे सुलोचनेला शाळेतच कळलं होतं. थाप असती तर तिनं नाक मुरडून सोडून दिलं असतं. खऱ्या देशांत खोटी माणसं कशी जाऊन येतात, हे काही तिला उमगेना. म्हणून तिचा जळफळाट आणखीच वाढला.

घरी अन्नपूर्णेचा दरबार भरला. सासू देवकाबाईनं तिला चक्क बाजेवर बसवलं. आठ वर्षं झाली, मोठीला मूलबाळ नाही म्हणून जी सासू तिच्या हातून सणाला ओटी भरून घेत नव्हती, ती आता म्हणत होती, “सांग वं मोठे, मंग काय झालं?” शेजारणी उंबऱ्यावर बसल्या होत्या. सुलोचना चुलीपुढे भाकरी थापत होती आणि कान तिकडे होते.

“तिथं महाराजांनं मले केळं देलं खायाले. त्या देशातलं केळं.”

“बर्फाच्या देशात केळं?” सुलोचना चुलीपासूनच म्हणाली. “तिथं गवत उगवत नाही, केळी कुठून उगवन?”

“तू गेलती काय?” देवकाबाई कडाडली. “जी गेली ती सांगून राह्यली, अन् जी चुलीजवळ बसली तिले जास्त समजते!”

बाया हसल्या. सुलोचनेची भाकरी तव्यावर करपली.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी अन्नपूर्णा तिच्याजवळ आली. “रुसली काय वं? दे, शेवीले दे माह्याजवळ.”

“भूक लागली असंल तिले,” म्हणत सुलोचनेनं लेकराला छातीशी ओढलं. शेवंतीला भूक नव्हती. हे हल्ली रोजचंच झालं होतं. अन्नपूर्णेनं हात पुढे केला की शेवंतीला एकाएकी भूक लागे, झोप येई, नाहीतर अंग तापे. तुझ्याकडे सारं जग आहे ना, मग माझ्याकडे एवढं एक राहू दे. असं काहीतरी सुलोचनेच्या मनात होतं, आणि ते आपल्याला शोभत नाही हेही तिला कळत होतं.

अन्नपूर्णेच्या केसांत कापसाचा पुंजका अडकला होता. सुलोचनेनं तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यात नवल काय? या गावात कोणाच्या केसांत कापूस नसतो? वेचणी संपून महिने झाले तरी गोधडीतून, गादीतून, वाऱ्यावरून तो येतच राहतो. फक्त एक वास तिच्या नाकाशी रेंगाळला. ओला, गार, मातकट गोड. ओळखीचा वास. पण कुठला, ते काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गोदामाच्या दारात जाऊन उभी राहिली. गडूभर तूप आणि कडेवर पोर.

महाराजांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “लेकरू अंगावर पिते?”

“हो.”

“तर मंग नाही जमत, बेटी. दुधाची बाई जड असते. दूध म्हणजे माया, माया म्हणजे वजन. पुष्पक कलंडून जाते. लेकराचं दूध तुटलं का येजो.” आणि तुपाचा गडू मात्र चेल्यानं आत नेला.

मागे उभ्या असलेल्या बाया फिसकन हसल्या. सुलोचना घरी येईपर्यंत रडली नाही. घरी आल्यावर गोठ्यात जाऊन रडली आणि शेवंती तिच्या गालावरचं पाणी बोटानं पसरवत बसली. दोन वर्षं! दोन वर्षं अंगावर पाजायचं, मग कदाचित दुसरं. म्हणजे आई झालेल्या बाईसाठी आकाश बंदच. ज्या बाईला लेकरू नाही तिला जग, आणि जिला लेकरू तिला गोठा!

शनिवारी अन्नपूर्णा तिला हळूच म्हणाली, “सोमवारी महाराज मले बालवनात नेणार हाय.”

“ते कुठी आलं?”

“लय दूर. बर्फाच्याही पल्याड. तिथं जन्माची वाट पाहत असलेली लेकरं खेळतात म्हणे. ज्या बाईजवळ जे लेकरू येऊन बिलगलं, ते वर्षाच्या आत तिच्या पोटी येते.” तिनं आवाज आणखी खाली आणला. “पण सोनं काढून ठेवा लागते. सोन्याचं वजन होते ना. पोत, पाटल्या, गोठ, सारं डब्ब्यात.”

“बर्फाच्या देशात तर सोन्यासगट गेलत्या तुमी.”

“तो देश जवळ हाय, म्हणून.”

सुलोचनेला वाटलं, आपण हसावं. पण अन्नपूर्णेच्या चेहऱ्याकडे पाहून ते जमलं नाही. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईकडे तपासायला जायचं म्हणून महादेवरावांनी, अन्नपूर्णेच्या नवऱ्यानं, मागच्या महिन्यात बैल जुंपायची तयारी दाखवली होती. अन्नपूर्णाच नको म्हणाली होती. आता तिची सारी भिस्त या बालवनावर होती. तिथून ती रिकाम्या हातानं परत आली, तर पुन्हा कुठे जाणार होती?

सोमवारी दुपारी अन्नपूर्णेनं बदलायला काढलेलं लुगडं तसंच बाजूला ठेवलं.

“काय झालं, बाई?”

“मले भेव लागून राह्यलं वं. तिथं गेली, अन् एकही लेकरू माह्याजवळ आलंच नाही तं?”

 सुलोचनेच्या तोंडून जे निघालं त्यात जावेची काळजी किती आणि स्वतःची हाव किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. “मी जाते तुमच्या जागी. पदर पुढं ओढलेला, डोळे बांधलेले, तोंडानं बोलाचं नाही. कोणाले काय समजते? मी पाहून येते, तिथं खरंच लेकरं हाय काय. मंग उद्या तुमी जा बिनधास्त.”

“अन् महाराजाले समजलं तं?”

“त्याइले सारं समजते तर हेही समजू द्या.”

अन्नपूर्णेनं तिच्याकडे पाहिलं. “मले माहीत हाय, तुले माह्या काळजीपायी नाही, पाटासाठी जावाचं हाय.”

“हो,” सुलोचना म्हणाली. “हाय.”

“मंग तेवढा वेळ शेवी माह्याजवळ. मांडीवर. भूक लागली म्हणून ओढाची नाही.”

सौदा झाला. गोठ्यात दोघींनी लुगडी बदलली. सुलोचनेनं शेवंतीला पोटभर पाजलं, अन्नपूर्णेचं हिरवं लुगडं नेसली, तिच्या पोत-पाटल्या अंगावर चढवल्या आणि नाकापर्यंत पदर ओढून निघाली. मागोमाग, तसाच पदर ओढून, सुलोचनेच्या निळ्या लुगड्यात अन्नपूर्णा, आणि तिच्या खांद्यावर शेवंती, अगदी खुशीत.

गोदामापुढे बाया टाळ्या वाजवून भजन म्हणत होत्या. देवकाबाई सगळ्यांत पुढे. चेल्यानं दारातच दागिने उतरवून डब्यात घेतले, डोळ्यांवर तांबडं फडकं करकचून बांधलं आणि तिला आत नेलं. दार लागलं. भजन एकदम दूरचं वाटू लागलं.

“चढ, बेटी,” महाराजांचा आवाज. पायाखाली पाट आला. “हात माह्या डोक्यावर ठेव. मी जमिनीवर राहीन. माहं डोकं जसं जसं खाली जाईन, तसं समज का तू वर वर चालली. भिऊ नको. पुष्पक, उठाओ!”

पाट हलला, डुगडुगला आणि उचलला गेला. हाताखालचं जटांचं डोकं सावकाश खाली सरकलं, आणखी खाली. तिला वाकावं लागलं, आणि मग ते बोटांतून निसटलं. तिचा हात अधांतरी राहिला. महाराजांचा आवाज पायांखालून आला, बारीक होत होत. “निंबाच्या वर गेली… आता बोरीचं जंगल खाली दिसून राह्यलं… नदी, दोऱ्यासारखी…”

सुलोचनेच्या पोटात खड्डा पडला. ती उडत होती! खरंच उडत होती!  एवढे दिवस जळत राहिलेली ती बाई कुठच्या कुठे गळून पडली. तिला मास्तर आठवले, भिंतीवरचा नकाशा आठवला. आता त्यातून आत जाणारच होते मी. घूंऽऽ असा विमानाचा आवाज येऊ लागला. तोंडावर गार वारा आला, पाण्याचे तुषार आले, आणि काहीतरी मऊ गालाला घासून गेलं.

“ढग,” खालून आवाज आला. “बर्फाचा डोंगर मागं पडला…”

आणि तोच वास. ओला, गार, मातकट गोड. या वेळी तो इतका दाट होता की तिला एकदम वर्ध्याची कचेरी दिसली. साहेबाच्या खोलीच्या दाराला लावलेली वाळ्याची ताटी, आणि तिच्यावर पाणी शिंपडणारे तिचे वडील. बर्फाच्या डोंगरावर वाळ्याची ताटी कोणी लावली?

तिनं नकळत तोंड फिरवलं. ढग तिच्या ओठांना लागला. ढगात काहीतरी टणक होतं, वाटाण्याहून लहान. जिभेनं तिनं ते चाचपलं. या जिल्ह्यातल्या कुठल्याही बाईला अंधारात, झोपेत, तापात ओळखू येईल असा तो दाणा. सरकी! ढगातली सरकी!

तरीही ती उतरली नाही. खोटं सांगायचं कशाला? तिला उतरायचंच नव्हतं. मन म्हणत होतं, असेल, ढगातही असेल, थोडं आणखी जाऊ या, बालवनापर्यंत तरी.

तेवढ्यात शेवंती रडली.

अन्नपूर्णेच्या खांद्यावर तिला एकाएकी आई आठवली असावी. तो रडण्याचा आवाज खालून, ढगांच्या तळातून, हजार कोसांवरून आला नाही. दारापलीकडून आला. जितक्या अंतरावरून चुलीपाशी ऐकू येई तितक्याच अंतरावरून, तितकाच मोठा. सुलोचनेला विचार करायला वेळच मिळाला नाही. छातीत कळ आली, पान्हा फुटला, चोळी ओली झाली. आणि ज्या आईच्या लेकराला भूक लागलेली असते ती आई जे करते तेच तिनं केलं. आकाशातून खाली पाऊल टाकलं.

जमीन लगेच आली. घराच्या उंबऱ्याहूनही आधी. जेमतेम चार बोटं.

ती धडपडली ती पडण्याच्या भीतीनं नव्हे. इतकी जवळ जमीन असेल असं पायाला वाटलंच नव्हतं म्हणून. तिनं डोळ्यांवरचं फडकं ओरबाडून काढलं.

दोन चेले पाट धरून वाकलेले, घामाघूम. पवनगिरी महाराज बेडकासारखे उकिडवे बसलेले. एका हातानं ते खडा चरखा रिकामाच फिरवत होते, घूंऽऽ. दुसऱ्या हातात सूप होतं आणि त्या सुपाचा वारा ओल्या वाळ्याच्या ताटीतून येत होता. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधलेली; ती आढ्यावरून फिरून खाली आलेली, आणि तिच्या टोकाला पिंजलेल्या कापसाचा ढग. अंगठा हलला की ढग हले.

इतका हेवा तिनं ज्याचा केला होता तो सारा प्रवास असा तिच्या पुढ्यात उकिडवा बसला होता.

तिनं दार धाडकन उघडलं. पदर मागे पडला. बाहेर एकच गिल्ला झाला. “ही तर लहानी! अन् मोठी कुठी हाय?” अन्नपूर्णा रडणारी शेवंती घेऊन पुढे आली. सुलोचनेनं लेकराला घेतलं, पदराखाली लावलं आणि तशीच उभ्या उभ्या म्हणाली, “बर्फ नाही, बालवन नाही, काहीच नाही. पाट चार बोटं वर जाते, बस.”

महाराज पण काही कच्चे नव्हते. ते ताडकन उठले. अंगठ्याची दोरी तेवढी सोडायची राहिली. “पापिणी! सांगितलं होतं, दुधाची बाई जड होते! तुयाच पायानं विमान पडलं! मायबाई, हिनं मोठीचं लेकरू वाटेतून परत लावून देलं!”

गर्दी थबकली. एकदोघींनी सुलोचनेकडे असं पाहिलं की तिनं शेवंतीला आणखी जवळ घेतलं. आणि अन्नपूर्णा? तिचे डोळे कोरडे होते. “तुले पाहावलं नाही माहं,” ती म्हणाली. “आधीपासूनच नाही पाहावलं.” आणि ती वळून गोदामाच्या मागच्या बाजूला निघून गेली.

ते खरंच होतं. पण हेवा करणारी बाई सांगते म्हणून चार बोटांचं आकाश काही उंच होत नाही. तिनं स्वतःला सावरलं.

“मंग पुन्हा उडवू,” ती म्हणाली. “आत्याबाई, तुमी तर दुधाच्या नाही. चढता पाटावर? इथंच, निंबाखाली, साऱ्या गावापुढं.”

देवकाबाईला पहिल्या दिवसापासून जायचं होतं. “चढतो! मी काय भेतो काय?” तिनं पदर खोचला.

शेतावरचे गडी नत्थू आणि नानाजी यांनी पाट धरला. सुलोचनेनं सासूच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि शेवंतीला पदराखाली तशीच घेऊन हळूहळू खाली बसली. “उठाव गा, नत्थूभाऊ. थोडकं हलव. हां, बस.”

पाट चार बोटं उचलला गेला. गावानं डोळ्यांनी पाहिला.

“अगं बाई!” देवकाबाई ओरडली. “उडाली वं मी!”

“निंबाच्या वर गेल्या आत्याबाई,” जमिनीजवळ तोंड नेऊन सुलोचना बारीक आवाजात म्हणाली. “आता बोरीचं जंगल…”

“दिसून राह्यलं! नदी दिसून राह्यली!” डोळे करकचून बांधलेली सासू गळा काढून बोंबलली. “उतरवा रे मले! नत्थ्या, मुडद्या, हात सुटला तं माहं हाडूक सापडणार नाही! मले ढगात नेऊन राह्यले रे!”

आधी मीराबाई हसली. मग पोट्टे हसले, मग म्हातारे. हसता हसता नत्थूचे हात ढिले पडले आणि पाट जमिनीला टेकला. देवकाबाईला वाटलं आपण पडलो. ती डोळे घट्ट मिटून रामाचं नाव घेऊ लागली. सुलोचनेनं फडकं सोडलं. देवकाबाईनं पायाखाली पाहिलं, मग गावाकडे पाहिलं, आणि म्हणाली, “मेलं, पोटात तर खरंच खड्डा पडला होता.”

“पडतेच,” सुलोचना म्हणाली. “मलेही पडला. डोळे बांधले अन् हाताखालचं डोकं खाली गेलं, का आपल्याले वाटते आपण वर चाललो. आपण वर जात नाही, आत्याबाई. समोरचा खाली बसून राह्यते.”

तेवढ्या हशात महाराज मागच्या दारानं सटकले होते. पण मागच्या दाराशी छकडा होता, छकड्याला बैल जुंपलेले होते, गाठोडी बांधलेली होती, आणि त्या गाठोड्यांवर दागिन्यांचा डबा मांडीवर घेऊन अन्नपूर्णा बसली होती.

धावत गेलेल्या लोकांनी तिचा शांत आवाज ऐकला.

“महाराज, विमान असून तुमी छकडा काऊन जुंपला?”

 पवनगिरीला आणि चेल्यांना गावानं चावडीवर नेलं, पोलिसपाटलानं सेलूच्या ठाण्याला निरोप धाडला, आणि बायांनी आपापले गडू, तोरड्या ओळखून घेतल्या. पाट मात्र निंबाखालीच राहिला. पोट्ट्यांनी पुढे महिनाभर एकमेकांना त्यावरून जगाची सफर घडवली, आणि डोळे बांधलेला प्रत्येक पोरगा, सारं माहीत असूनही, किंचाळायचा.

हेच नीट लक्षात ठेवण्याजोगं आहे. फसलेल्या बाया मूर्ख नव्हत्या. अंगच तसं फसतं. पोटातला खड्डा, गार वारा, घूं घूं आवाज हे सगळं खरंच जाणवलेलं असतं. जाणवलं ते खोटं नसतं, त्याचं कारण सांगितलं जातं ते खोटं असतं. म्हणून कोणी डोळे बांधा म्हणालं, तर आधी कशासाठी ते विचारावं. बोलू नका म्हणालं, तर मुद्दाम बोलावं. आणि अमक्या बाईला चालत नाही, तमकीला चालत नाही असं कोणी म्हणालं, तर ती बाई आत गेल्यानं त्याचं काय उघडं पडणार आहे, तेवढं पाहावं. दुधाची बाई जड नसते. लेकरू रडलं की ती डोळ्यांवरचं फडकं काढते, एवढीच पवनगिरीची अडचण होती.

अन्नपूर्णा बरेच दिवस जावेशी बोलली नाही. आकाश गेलं, बालवन गेलं, बाजेवरचा मान गेला. आणि ते सारं नेणारी रोज चुलीजवळ दिसत होती. सुलोचनेनंही समजूत घातली नाही. फक्त शेवंतीला हल्ली अन्नपूर्णेनं हात पुढे केला की भूक लागेनाशी झाली.

मग एका सकाळी अन्नपूर्णा पिशवी घेऊन दारात उभी राहिली. “वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईकडं जातो म्हणतो. आमच्या यायनं तिले निरोप पाठवला होता, तिनं नवऱ्यालेही संग आणा म्हटलं. हे येऊन राह्यले.” तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “तूही चाल. मले तिथलं काही समजत नाही.”

“लेकरू होईनच असं नाही म्हणत डॉक्टरीणबाई,” सुलोचना हळूच म्हणाली.

“माहीत हाय. पण ती डोळे तं बांधत नाही ना.”

सेलूच्या फाट्यावर मोटार आली. आत शिरताच दोघींची एकाच वेळी खिडकीकडे नजर गेली, आणि दोघी एकाच वेळी थांबल्या. महादेवराव मागून म्हणाले, “बसा वं कोणीतरी, लोक खोळंबून राह्यले.”

“तुमी बसा, बाई,” सुलोचना म्हणाली. म्हणता म्हणता तिच्या छातीत ती जुनी मिरची थोडीशी ठेचली गेलीच.

अन्नपूर्णा खिडकीजवळ बसली. मग तिनं हात पुढे केले आणि सुलोचनेनं शेवंती तिच्या मांडीवर दिली. मोटार सुटली. उघडी शेतं, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, कुठल्याशा अनोळखी गावाची पाण्याची टाकी मागे पळू लागली. धुळीचा लोट आत आला तसा अन्नपूर्णेनं शेवंतीच्या डोळ्यांवर तळहात धरला.

लोट सरला आणि तिनं लगेच हात काढला.

“पाह्य वं, शेवे,” ती म्हणाली. “डोळे उघड. पाह्य.”